डाव्या टाकीचा फुगा

विमानाच्या पेट्रोलच्या टाकीला फुगा लावतात, हे मला लग्नानंतर बावीस वर्षांनी कळलं. साधा फुगा, वाढदिवसाला आणतात तोच. तुम्ही हसाल तर हसा. मीही हसलो होतो, आणि हसताना टाकीच्या कडेला कोपर टेकवून उभा होतो, त्यामुळे माझ्या चांगल्या शर्टाची डावी बाही त्या दिवसापासून काळी आहे.

विमान आमच्या गॅरेजमध्ये आहे. गाडी बाहेर उन्हात असते. विमान माझी बायको बांधते. ती दातांची डॉक्टर आहे. सकाळ-संध्याकाळ दवाखाना, दुपारी आणि रविवारी विमान. का, कशासाठी, कुणी सांगितलं होतं, हे प्रश्न गेल्या चार वर्षांत इतक्या जणांनी विचारून झालेत की आम्ही उत्तरं देणं सोडून दिलं आहे. दोन माणसांचं विमान आहे. चालवणार ती, तसा परवाना तिच्याकडे आहे. शेजारी कोण बसणार हे मला कुणी विचारलेलं नाही, ते गृहीत धरलेलं आहे.

या कामात माझा हुद्दा 'धरणारा' असा आहे. ती पत्रे जोडणारं रिव्हेट ठोकते, मी पत्रा धरतो. ती भोक पाडते, मी दिवा धरतो. ऑफिसात माझ्या सहीशिवाय विम्याचा एकही दावा पुढे सरकत नाही, चांगली चांगली माणसं माझ्या टेबलासमोर अदबीनं उभी असतात. गॅरेजमध्ये मात्र "जरा डावीकडे. फार झालं. तिथेच थांब," एवढंच संभाषण माझ्या वाट्याला येतं. धरण्यातही कसब असतं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे.

तर टाकी. विमानाचा पंख आतून पोकळ असतो, आणि त्या पोकळीच्या पुढच्या भागातच पेट्रोल भरायचं असतं. डाव्या पंखात एक टाकी, उजव्यात एक. पत्र्याला आतून फासळ्या, फासळ्यांना रिव्हेटं, एकेका टाकीला सातशेच्या वर. प्रत्येक रिव्हेट म्हणजे एक भोक, आणि प्रत्येक भोकाशी पेट्रोल बाहेर पडायला टपलेलं. म्हणून प्रत्येक रिव्हेटाच्या डोक्यावर आतून एक चिकट लेप बसवायचा. तो दोन डब्यांतून येतो, एक पांढरा आणि एक काळा. वजन करून दहाला एक या प्रमाणात कालवायचा. त्याला लांबलचक नाव आहे. आमच्या घरात त्याला नुसतं 'काळं' म्हणतात.

काळ्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, ते कशालाही चिकटतं आणि कशानंही निघत नाही. विमानासाठी यातले शेवटचे दोन गुण आहेत. संसारासाठी तिन्ही नाहीत. पहिल्या आठवड्यातच ते फ्रिजच्या मुठीवर, दाराच्या बेलवर, आईच्या चष्म्याच्या काडीवर आणि पेपरातल्या शब्दकोड्यावर पोचलं. मी घरात कुठून कुठे गेलो हे डागांवरून कुणीही सांगू शकलं असतं. आईनं शांतपणे जाहीर केलं की सुनेच्या हाताला एक डाग नाही आणि मुलाच्या कानामागेसुद्धा आहे, यावरून काय ते समजा. एका सोमवारी मी गॅरेजातल्या स्टुलावर क्षणभर टेकून ऑफिसला गेलो. मोठ्या साहेबांनी बोलावलं म्हणून उठलो, तर खुर्ची माझ्याबरोबर उठली. दोघा शिपायांनी मिळून ती माझ्यापासून वेगळी केली. मोठे साहेब खिडकी उघडत म्हणाले, "ड्रेनेजचं काम चालू आहे का कुठे?" मी दुसरी खिडकी उघडून दिली. त्यांनी बसायला सांगितलं, पण बसायची पुन्हा हिंमत होईना.

पण तिला काळं भरताना बघायला हवं. कपाळावर दवाखान्यातला दिवा, हातात दाढा भरायची बारीक हत्यारं, शेजारी रोग्याच्या तोंडात घालायचा तो छोटा आरसा. रिव्हेटावर एक ठिपका, गोल फिरवून कडा दाबायची, आरशात पलीकडची बाजू बघायची, मग पुढचं. घाई नाही आणि रेंगाळणंही नाही. पहिल्या रिव्हेटाला जेवढं लक्ष मिळालं तेवढंच सहाशे नव्वदाव्याला. मी दुसरा दिवा धरून उभा असायचो आणि मनात यायचं, हिनं लग्नाच्या वेळी मला असं निरखून कसं पाहिलं नाही. बावीस वर्षं मी दवाखान्याबाहेर गाडीत बसून तिची वाट पाहिली. आत ती काय करत असते हे मला गॅरेजात कळलं. मला तिचा फार अभिमान वाटतो. एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "दिवा हलतोय."

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुम्ही मला सज्जन समजाल.

टाकीचा मागचा पत्रा बसवायचा रविवार होता. एकदा तो बसला की आतलं काही दिसत नाही. खालच्या कोपऱ्यातली शेवटची सात रिव्हेटं भरायची राहिली होती. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. एका बाईंचा जबडा सुजून डोळा बंद व्हायला आला होता. बायकोनं हातमोजे काढले.

"सातच आहेत. तू भर," ती म्हणाली. "माल काडीनं ओढून बघत जा. तार निघतेय तोवर ठीक. तार तुटायला लागली की टाकून दे आणि नवा कालव. शिळा माल नुसता वर बसतो, धरत नाही."

चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात हत्यार आलं होतं. मी छाती फुगवून पहिल्या रिव्हेटाकडे वळलो आणि फाटकातून पाणीसाहेब आत आले.

पाणीसाहेब आमचे शेजारी. पाणीखात्यातून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली, पण शहर अजून आपल्याच जिवावर पाणी पितं अशी त्यांची समजूत आहे. आमच्या विमानाला ते मार्गदर्शन करतात. त्या दिवशी विषय होता सांधा. "तुमचं मुळातच चुकतंय," ते म्हणाले. "गळती कधी बंद करायची नसते. ती कुठून व्हावी हे आपण ठरवायचं असतं. मुख्य लाइनला आम्ही अठरा वर्षं तेच केलं." मग ती अठरा वर्षं सविस्तर आली. मी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. ती त्यांना उत्सुकता वाटली. ते गेले तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता, आणि काळं ओढलं की तार तुटत होती.

टाकून द्यायचं, वजन करायचं, नवं कालवायचं. वीस मिनिटांचं काम. पण ती परत यायच्या आत 'झालं' म्हणायची मला फार हौस होती. मी तोच माल सात रिव्हेटांवर बसवला, अंगठ्यानं दाबला, वरून तुकतुकीत केला. दिसायला सुरेख. ती आली, हात धुतले आणि विचारलं, "झालं?"

मी म्हणालो, "झालं."

तिनं वाकून एक नजर टाकली, "छान," म्हणाली आणि पत्रा बसवायला घेतला. तिच्याकडून 'छान' याआधी कधी मिळालं होतं ते मला आठवेना. मिळालेलं परत करणं जिवावर आलं. संध्याकाळपर्यंत टाकी बंद झाली आणि माझी सात रिव्हेटं आत गेली.

आता फुगा. टाकीची सगळी तोंडं बंद करायची, हवेच्या नळीवर फुगा चढवायचा आणि सायकलच्या पंपानं आत अगदी थोडी हवा सोडायची. फुगा उभा राहतो. पूर्ण एक दिवस त्याच्याकडे बघत बसायचं. पडला तर टाकी गळते, नाही पडला तर टाकी चांगली. इतक्या मोठ्या विद्येचा शेवट इतक्या साध्या गोष्टीत व्हावा याचं मला कौतुक वाटलं. फुगे आईनं आणले. पिवळे, वर हसरा चेहरा छापलेला. "दुसरे नव्हते," ती म्हणाली, आणि फुग्यासमोर खुर्ची टाकून बसली. दर तासाला ती इंचटेपनं फुग्याचा घेर मोजून वहीत लिहायची, तान्ह्या बाळाचं वजन लिहावं तशी.

पहिला फुगा संध्याकाळपर्यंत मान टाकून बसला. बायकोनं साबणाचं पाणी केलं. सांध्यांना लावायचं आणि बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. "खालचा कोपरा मी बघतो," असं मी म्हणालो आणि तिथे ब्रश फिरवला, पण डोळे मिटून. तेवढ्यात तिला टाकीच्या झाकणाशी बुडबुडे सापडले. झाकणाची रबरी रिंग चिरली होती. मला इतका आनंद झाला की मी झाकणाला चारचौघांत नावं ठेवली. गुन्हेगार सापडला म्हणजे माझा कोपरा निर्दोष सुटला, असा मी अर्थ लावला. दाव्यांच्या फायलींत लोक असाच अर्थ लावतात तेव्हा मी त्यांना परत पाठवतो.

दुसऱ्या फुग्याच्या वेळी पाणीसाहेब पायपंप घेऊन आले. "एवढ्याशा हवेनं काय कळणार?" असं म्हणत त्यांनी कुणी हो-नाही म्हणायच्या आत तीन दट्टे दिले. फुगा असा फुटला की आईची वही एकीकडे आणि चष्मा दुसरीकडे गेला. पाणीसाहेब पांढरेफटक पडले. मला वाटलं आता बायको त्यांना धारेवर धरणार. तिनं टाकीवरून सावकाश हात फिरवला, कुठे फुगवटा नाही याची खात्री केली आणि म्हणाली, "बरं झालं, फुगाच फुटला. तो नसता तर पत्रा फुगला असता. म्हणूनच लावतात तो." एवढंच. त्या आवाजात तिनं मला कधीतरी रागवावं असं वाटण्याइतका तो शांत होता. पाणीसाहेबांनी पुढचे दोन दिवस कुणालाही सल्ला दिला नाही.

तिसरा फुगा आम्ही पूर्ण दिवसभर ठेवणार होतो. पण सकाळी नऊला हवाई खात्याचे निरीक्षक दारात उभे राहिले. त्यांची तारीख दोन दिवसांनंतरची होती. दौरा बदलल्याचं पत्र त्यांनी स्वतःच आणलं होतं. ते त्यांनी मला दिलं, पोच म्हणून माझी सही घेतली, आणि मग आत आले.

निरीक्षक माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. त्यांच्याकडे चार पानांचा फॉर्म होता आणि त्यात 'चाचणी-उपकरणाचा अनुक्रमांक' असा रकाना होता. "फुग्याला नंबर नसतो," मी म्हणालो. "रकाना रिकामा ठेवता येत नाही," ते म्हणाले. मी वीस वर्षं लोकांना हेच वाक्य ऐकवत आलो आहे. समोरून ऐकायला कसं लागतं ते त्या दिवशी कळलं. बरीच चर्चा होऊन 'पाकिटातील तिसरा' असं लिहायचं ठरलं. खाली 'वर्णन' या रकान्यात त्यांनी विचार करून लिहिलं: पिवळा, हसरा.

साडेनऊला फुगा उभा केला. नियमाप्रमाणे दोन तास. आमच्या गॅरेजला पत्र्याचं छप्पर आहे. पाणीसाहेबही येऊन उभे राहिले, हात मागे बांधून. मी फुग्याकडे बघत नव्हतो, खालच्या कोपऱ्याकडे बघत होतो, आणि जमेल त्या सर्व शक्तींना जमेल ती सर्व आश्वासनं देत होतो.

"साडेचोवीस इंच," आईनं सुरुवातीला वाचलं. तासाभरानं म्हणाली, "पंचवीस." साडेअकराला टेप नीट धरून, पुन्हा मोजून, समाधानानं म्हणाली, "साडेपंचवीस. वाढतोय."

माझा जीव भांड्यात पडला. पाणीसाहेब म्हणाले, "याला म्हणतात टाकी. गळायचं सोडा, वाढतेय." निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. फुग्यावरचा चेहराही आता चांगला रुंद हसत होता.

बायको छपराकडे बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "आत कुणी हवा घातली नाही. मग वाढला कसा?" तिनंच टाकीच्या पत्र्याला हात लावून सांगितलं, "ऊन चढलंय. आतली हवा तापली म्हणून फुगली. थोडी गळत असेल तरी या वेळी दिसणारच नाही. पहाटेच्या गारव्यात मोजायला हवा, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा."

"मॅडम, नियमात दोन तास लिहिलेत," निरीक्षक म्हणाले. "ऊन लिहिलेलं नाही. मी पास करतोय."

"पास नको."

निरीक्षकांचं पेन हवेतच राहिलं. "नापास लिहिलं तर पुढचा नंबर चार महिन्यांनी लागतो. एकोणीस वर्षं मी हेच काम करतोय. पास नको म्हणणारं हे पहिलंच घर."

मी बायकोला बाजूला घेतलं. काय काय बोललो ते आठवलं की अजून कान गरम होतात. साहेब स्वतः तयार आहेत, चार महिने थोडे नाहीत, उगाच का खुसपट काढतेस, असं बरंच. तिनं सगळं ऐकून घेतलं. रोगी भूल घ्यायला घाबरतो तेव्हा ती थांबते, तशी थांबली. मग हळूच म्हणाली, "अरे, माझ्या शेजारी तू बसणार आहेस."

पुढचं मी ठरवून केलं नाही. शूरपणा तर मुळीच नव्हता. तिला माझ्या जिवाची एवढी काळजी आणि मी तिच्या जिवाशी काय करून बसलोय, हे एकाच वेळी डोक्यात आलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "खालच्या कोपऱ्यातली सात रिव्हेटं. मी भरली ती. माल शिळा होता."

फुगा तेवढा हसत होता.

"तार तुटत होती?" बायकोनं विचारलं.

"हो."

"मग?"

"तू येशील तेव्हा 'झालं' म्हणायचं होतं मला."

मग तिनं साबणाच्या पाण्याचा ब्रश आणला आणि माझ्या हातात दिला. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. कोपऱ्यात, पत्र्याच्या सांध्याशी, एक बारीकसा बुडबुडा आला, मोठा झाला, फुटला आणि त्याच जागी दुसरा आला. पाणीसाहेबांनी घसा साफ केला. गळती कुठून व्हावी हे ठरवण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्या रविवारचा पाऊण तास त्यांनाही आठवला असावा.

निरीक्षकांनी फॉर्मची पानं मागेपुढे केली. "नापास नको लिहू या," ते म्हणाले. "चाचणी अपूर्ण, असं लिहितो. अपूर्ण असली की मला आठ दिवसांत परत यावंच लागतं. पहाटे या म्हणत असाल तर पहाटे येईन. कारण काय लिहू?"

"सात रिव्हेटं नीट भरलेली नाहीत," बायको म्हणाली.

"भरणारे कोण?"

चारचौघांत ती मला 'हे' म्हणते. "हे," ती म्हणाली.

"आणि दुरुस्ती कोण करणार?"

मी खाली बघत होतो. आई वही मिटून सुनेकडे बघत होती.

"हेच," बायको म्हणाली.

निरीक्षकांनी दोन्ही रकान्यांत माझं पूर्ण नाव लिहिलं. वर छापलेलं होतं: विमान बांधणाऱ्या कारागिराचे नाव. माझं नाव मी आयुष्यात हजारो कागदांवर पाहिलं आहे, पण ते थांबून दोनदा कधी वाचलं नव्हतं.

चाचणीचं पुढे काय झालं ते इथेच सांगतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. सहाव्या दिवशी पहाटे निरीक्षक स्वेटर घालून आले, सातव्या दिवशी पहाटे पुन्हा आले, फुगा दोन्ही वेळा साडेचोवीस इंच भरला आणि आईनं तो आकडा वहीत दोनदा अधोरेखित केला. 'पाकिटातील पाचवा'. सही झाली. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या एका दुपारचं.

मागच्या पत्र्याला हात जाईल एवढं, नंतर झाकण बसवता येईल असं भोक पाडून तिनं मला कोपरा मोकळा करून दिला आणि ती दवाखान्यात निघून गेली. मी एकटा होतो. शिळा माल खरवडला. नवा कालवला. कपाळावर तिचा दिवा, हातात तिचा आरसा. तिसऱ्या रिव्हेटाला तार तुटली. टाकून दिला, वजन केलं, पुन्हा कालवला. सहाव्याला परत तुटली, परत टाकला. मध्येच पाणीसाहेब फाटकाशी आले आणि माझ्याकडे बघून फाटक हळूच लावून गेले. सात रिव्हेटांना मला तीन तास लागले. तिला वीस मिनिटं लागली असती.

ती आली आणि हात धुऊन तिनं आरसा मागितला. 'झालं?' असं विचारलं नाही. भोकातून हात घालून तिनं सातही रिव्हेटं बघितली, एकेक करून, वरून, खालून, कडेनं. पाव तास गेला. मी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा स्टुलाजवळ उभा.

"चौथ्याची कड जरा जाड आहे," ती म्हणाली.

"काढू?"

"नको. जाड असलेलं चालतं." तिनं आरसा पुसला. "उद्यापासून उजवी टाकी. ती तू भर."

"सगळी?"

"सातशे बारा आहेत," ती म्हणाली, आणि काळ्याचे नवे डबे काढायला कपाटाकडे गेली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते, त्यामुळे ते पुसता आलं नाही, आणि आई चहा घेऊन गॅरेजात आली तेव्हा मी तसाच उभा होतो.